मुरायला ठेवलेलं पाणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही, आणि ज्या दोघांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. त्यातले एक आत्ता ओटीवर आरामखुर्चीत पेपर वाचताहेत – आमचे हे. दुसरी उद्या सकाळी मासळीची पाटी घेऊन दारात येईल. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही समोर नाही. समोर नसलेल्या माणसाला सांगायला धीर लागत नाही, आणि माझ्याकडे धीर किती आहे ते तुम्हाला पुढे कळेलच.

एका बाईचं नाव माझ्यामुळे खराब झालं. माझ्या एका वाक्यामुळे. ते वाक्य इतकं लहान आहे की आत्ता, या ओळीतच लिहून मोकळी झाले असते. पण त्याआधी मला पाण्याबद्दल सांगू द्या. टाळते आहे असं वाटतंय का तुम्हाला? टाळतेच आहे. बारा-तेरा वर्षं टाळलं, आणखी घटकाभर.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. काशीदच्या खाली, समुद्राला लागून असलेल्या आमच्या गावातल्या शाळेत हे शास्त्र शिकवायचे. त्या मे महिन्यात कामासाठी मुंबईला गेले आणि तिथलं नवं मत्स्यालय पाहून आले. लाँचमधून उतरले ते वेगळेच होऊन. जेवताना घास हातातच राहायचा. "आपली पोरं समुद्राच्या काठी जन्मतात, समुद्रावर मरतात, पण समुद्राच्या आत काय चाललंय ते कुणी पाहिलंय का?" मला विचारायचे. मी काय सांगणार? मी म्हणायचे, आमटी निवतेय.

तर ह्यांनी घरातच समुद्र करायचं ठरवलं. आधी आमच्या पडवीत, मग जमला की शाळेत न्यायचा. लोखंडाची चौकट खाऱ्या पाण्यात टिकायची नाही, म्हणून होड्या बांधणाऱ्या सुताराला गाठलं. त्यानं सागवानी फळ्यांची पेटी केली, आणि होडीच्या सांध्यांत कापूस ठोकून वर राळ भरतात, तसंच या पेटीलाही केलं. समोरच्या बाजूला तेवढी काच. ती पेटी पडवीत आली त्या दिवशी चांगुणा पाटी घेऊन दारात उभी होती. बघून जी हसायला लागली! म्हणाली, "मास्तर, ही तं उलटी होडी केलीत तुमी. पानी भायेर ऱ्हायाचं, त्ये आत घातलंत."

चांगुणा म्हणजे आमची नेहमीची कोळीण. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी. नवरा दर्यावर गेला तो परत आला नव्हता. पाटीवर दोन मुलं वाढवली. तिची एक गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती – मासळी कालची असली तर ती कालची म्हणूनच विकायची. "शिळी हाय वैनी, तळून खावा," असं सांगून. दुसरं कोण सांगतं असं? बाया डोळे मिटून तिच्या पाटीत हात घालायच्या.

पावसाळा सरत आल्यावर पाणी आणायचं काम ह्यांनी तिलाच दिलं. आमच्या घरामागे हाकेच्या अंतरावर खाडी होती, पण खाडीचं पाणी चालणार नव्हतं. ओहोटीला ते निम्मं गोडं, त्यात वाड्यांमधून वाहून आलेलं काय काय. पाणी हवं होतं समुद्राचं, तेही पार पलीकडच्या खडपावरचं, म्हणजे खडकाळ काठावरचं, भरतीचं. तिथवर जायला वाळूतून अर्धा तास. पहिला हंडा भरायच्या आधी चांगुणानं तिथं नारळ सोडला. हे बरोबर गेले होते, त्यांनीच मला सांगितलं. पाण्यात गुडघ्यापर्यंत उभी राहून ती दर्याला म्हणाली, "उसनं नेतंय. काम झाल्यावर आनून देईन." हे घरी येऊन हसले, पण कौतुकानं.

मग रोज दोन हंडे. भरती रोज वेगळ्या वेळी, म्हणून तीही रोज वेगळ्या वेळी यायची. कधी सकाळी दूध तापत असताना, कधी टळटळीत दुपारी. घड्याळाऐवजी मी तिच्यावरून समुद्र ओळखायला शिकले. ती पायरीशी थांबायची, पाय आपटून वाळू झाडायची, मगच पडवीत यायची. तरी घोट्यापर्यंत करडी वाळू चिकटलेली असायचीच. ती गेल्यावर मी केरसुणी घेऊन ती वाळू काढायची आणि पुटपुटायची.

हे मुद्दाम सांगते आहे. ही वाळू लक्षात ठेवा.

पेटी भरली. पाणी आणि खडपावरचे दगड, बाकी काही नाही. वर एक मडकं टांगलं, बुडाला बारीक भोक पाडलेलं, महादेवाच्या पिंडीवर असतं तसं. त्यातून टप् टप् पाणी पडत राहायचं, म्हणजे पेटीतल्या पाण्याला हवा लागते. हे सकाळ-संध्याकाळ पेटीतलंच पाणी तांब्यानं मडक्यात भरायचे. थोडं जुनं काढून ताजं घालायचं, म्हणून चांगुणाचे हंडेही चालूच राहिले. मासे कधी घालणार, म्हणून मी विचारलं तर म्हणाले, "घाई नाही. पाणी मुरायला हवं."

पाणी मुरतं? लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो. पण मत्स्यालयातल्या कुणा जाणत्या माणसानं ह्यांना समजावून सांगितलं होतं. नव्या पाण्यात घाण खाऊन टाकणारे, डोळ्यांना न दिसणारे जीव हळूहळू वाढतात. ते पुरेसे होईतो पाण्यात शेवाळ माजतं. आधी तपकिरी, मग हिरवं, मग केसांसारखं लांब. ते माजू द्यायचं. त्याला हात लावायचा नाही. एक दिवस ते आपलं आपणच ओसरतं, आणि मग समजायचं की पाणी तयार झालं. "लोणच्यात ओला चमचा घालत नाहीस ना? तसंच," हे म्हणाले. मला बजावूनच ठेवलं.

आणि झालंही तसंच. आठ दिवसांनी काचेवर तपकिरी साय धरली – चहाचं भांडं न घासता ठेवलं की धरते तशी. पंधरा दिवसांनी दगड हिरवे झाले. नवरात्र उलटून दिवाळी आली तोवर त्या हिरव्याला केस फुटले, बोटभर, मग वीतभर.

एक सांगू? ते सुंदर होतं. हे मी तेव्हा कबूल केलं नसतं. दुपारी जेवणं आटपली की घर सुनं व्हायचं. हे शाळेत. पडवीत कवडसा यायचा, तो काचेतून आत जायचा आणि मागच्या भिंतीवर हिरवा होऊन हलत राहायचा. मडक्यातून थेंब पडला की भिंत थरथरायची. ते केस एकदा इकडे वळायचे, एकदा तिकडे, सावकाश, कुणी विंचरत असल्यासारखे. बाहेर समुद्राची गाज, आत टप् टप्. मी तांदूळ निवडायला सूप घेऊन बसायची आणि सूप मांडीवर तसंच राहायचं. किती वेळ गेला कळायचं नाही. डोळे उघडे असून मी कुठेतरी खाली, दगडांमधून, पाय न टेकता चालत असायची. ऊन सरकून गेलं की एकदम पडवी दिसायची. आणि आपली लाज वाटायची. एवढ्या शेवाळात बघण्यासारखं काय आहे, म्हणून.

मी दिवेआगरची. आमची सुपारीची वाडी. शेवाळ म्हणजे काय ते वाडीतल्या मुलीला विचारा. पायरीवर धरलं की माणूस घसरतो, हौदात धरलं की पाट तुंबतो. माझ्या घरात पितळ चिंचेनं घासल्याशिवाय मांडणीवर जात नसे. आणि त्याच घराच्या दर्शनी पडवीत ही हिरवी पेटी! येणारा-जाणारा डोकवायचा. शेजारच्या काकूंनी एकदा सगळ्यांदेखत विचारलं, "काय गं, डबकं घरात आणलंत होय?" सगळ्या हसल्या. मीही हसले. आतून मात्र पेटले.

आणखी एक होतं. लिहू का? लिहितेच. हे माझ्याशी बोलायचे ते मीठ, दळण, दिवाबत्ती. चांगुणाशी बोलायचे ते पाण्याबद्दल. ती हंडा रिकामा करून काचेसमोर उकिडवी बसायची, हे शेजारी. ती सांगायची, हा शंख कुठल्या दगडाखाली असतो, तो खेकडा घर कधी बदलतो. हे ऐकत बसायचे, पोरासारखे. त्यात वाईट काही नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी आतून भांडी वाजवायची.

कार्तिकाच्या शेवटी शेवाळ खरंच ओसरायला लागलं. हे हरखले. चांगुणानं खडपावरून जीव आणले – सहा-सात गोगलगायी, शंखात राहणारे चार खेकडे, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे दोन बोटभर मासे, आणि दगडाला चिकटलेलं एक जिवंत फूल, बोट नेलं की मिटणारं. सगळे जगले. गोगलगायी काचेवरून शेवाळ खात फिरायच्या आणि मागे स्वच्छ रेघ ठेवायच्या. पण दगडांवर केस अजून होतेच.

अशात निरोप आला की शाळा तपासायला साहेब येणार, शनिवारी. ही पेटीही पाहणार. त्यांना आवडली तर शाळेला शास्त्राची वेगळी खोली मिळेल, असं हेडमास्तर म्हणाले. मी ह्यांना म्हटलं, निदान ते केस तरी खरवडा. हे म्हणाले, "राहू दे. पाणी अजून मुरतंय. साहेबांना सांगेन समजावून."

साहेब माझ्या पडवीत येणार, आणि हे त्यांना शेवाळ समजावून सांगणार!

आमच्या वाडीतल्या हौदाला शेवाळ धरलं की बाबा काय करायचे, सांगते. सुपारीच्या घडांना पावसाळ्यात बुरशी लागू नये म्हणून मोरचूद आणि चुना फवारतात. त्यातलं निळं मोरचूद घरात उरलेलं असायचंच. त्याचा खडा फडक्यात बांधून, दोरीला लावून बाबा हौदात दोन-चार वेळा फिरवायचे. दोन दिवसांत हौद आरशासारखा. बैल तेच पाणी प्यायचे, कुणाला काही झालं नाही. माहेरून येताना मी त्यातलं थोडं आणलं होतं, इथल्या चार सुपाऱ्यांसाठी. कोठीच्या खोलीत, वरच्या फळीवर डबा होता.

बुधवारी दुपारी हे शाळेत गेल्यावर मी डबा उतरवला. खडा हरभऱ्याएवढाच घेतला – मी काही अडाणी नव्हते, बेताबेतानंच घेतला. पांढऱ्या फडक्यात पुरचुंडी बांधली आणि पेटीत सोडून तीनदा फिरवली. निळा धूर निघाला. उन्हात तो पाण्यातून वर आला, वळला, केसांमधून गेला आणि नाहीसा झाला. इतका देखणा निळा रंग मी पुन्हा पाहिला नाही. मासे बाजूला झाले एवढंच. पुरचुंडी मी मागे सुपारीच्या बुंध्याशी पुरली आणि हात धुतले.

शुक्रवारी केस पांढरे पडून सुटायला लागले. मी ते तांब्यानं अलगद काढून टाकले. संध्याकाळी हे आले आणि काचेसमोर उभेच राहिले. मग मला हाक मारली. "बघ! म्हटलं नव्हतं? आपोआप जातं. पाणी मुरलं!" माझा हात धरला ह्यांनी, दिवसाउजेडी, पडवीत. लग्नाला सात वर्षं झाली होती, तोवर असं कधी झालं नव्हतं. त्या वेळी सांगता आलं असतं का? हो. आलं असतं. मी म्हटलं, खरंच हो, किती छान दिसतंय.

शनिवारी सकाळी एक गोगलगाय काचेवरून सुटून उताणी पडलेली दिसली. फूल मिटलेलं होतं. मी गोगलगाय चिमट्यानं उचलली आणि परसात भिरकावली. तेव्हाच मला कळलं होतं. नक्की काय, ते नाही. पण कळलं होतं.

साहेब आले, पाहिलं, वाहवा केली. चहा घेतला. माझ्या पडवीचंही कौतुक केलं.

रविवारी खेकडे शंख सोडून उघडे बाहेर आले. उघडा खेकडा तुम्ही पाहिला नसेल. मऊ असतो, वेडावाकडा, त्याच्याकडे बघवत नाही. सोमवारी सकाळी दोन्ही मासे वर तरंगत होते आणि पाण्याला वास येत होता.

हे पेटीसमोर बसून राहिले. शाळेत गेले नाहीत. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. हे एकेक गोष्ट मोजत होते, मोठ्यानं, स्वतःशीच. दगड धुतले होते. मडकं तेच. ऊन तेवढंच. साहेबांनी हात घातला नाही. मग म्हणाले, "पाणीच बदललं असणार. शेवटचे हंडे खाडीचे असतील तरच असं होईल." थेंब पडत होता. आणि मग मान हलवून म्हणाले, "छे. चांगुणा असं करणार नाही."

इथे थांबते जरा.

ह्यांचा तिच्यावर विश्वास होता, हे बघा. ह्यांनी दार उघडलं होतं आणि स्वतःच लावूनही टाकलं होतं. मला काहीच करायचं नव्हतं. मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं. काय मेलं, का मेलं, कळलं नाही, म्हणून हळहळ करून विषय संपला असता. नुसतं गप्प राहायचं होतं. तेवढंही जमलं नाही मला. कारण ह्यांनी आता मान वर केली होती आणि ह्यांची नजर पडवीभर फिरत होती – फळीवर, कोठीच्या दारावर, माझ्यावर. मला वाटलं, आता मला विचारतील.

मी म्हटलं, "परवा तिच्या पायाला काळा चिखल होता. मी पाहिला."

हेच ते वाक्य.

"काळा?" हे म्हणाले.

"काळा. खाडीचा."

चिखल नव्हता. वाळू होती, रोजच्यासारखी, घोट्यापर्यंत. त्या दिवशी मीच ती केरसुणीनं काढली होती.

दुपारच्या भरतीला चांगुणा हंडा घेऊन आली. ह्यांनी तिला पायरीवरच थांबवलं. आवाज चढवला नाही, ह्यांना आवाज चढवता येत नाही. एवढंच म्हणाले, "चांगुणा, लांब पडत होतं तर सांगायचं होतंस. खाडीचं कशाला आणलंस?" तिला आधी कळलंच नाही. मग तिनं आत पाहिलं, पेटीकडे. हंडा डोक्यावरून उतरवून पायरीवर ठेवला आणि म्हणाली, "मास्तर, ह्ये चाखून बगा. खाडीचं पानी जिभेला कलतं. जरा चाखा तरी." ओंजळभर पाणी घेऊन तिनं पुढे धरलं. बोटांमधून ते गळत होतं. ह्यांनी मान फिरवली. "आज खडपाचंच आणलं असशील," हे म्हणाले.

ती ओंजळ रिकामी होईपर्यंत तशीच धरून उभी होती. मग तिनं विचारलं, "कोन म्हनतं खाडीचं?" तिनं माझ्याकडे पाहिलं. मी डोक्यावरचा पदर सारखा केला.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, रिकामा हंडा घेऊन. ह्यांना वाटलं भांडायला आली. ती म्हणाली, "दर्याला सांगितलं हाय मी, आनून देईन म्हनून." आणि ते नासलेलं पाणी तिनं परत नेलं. हंड्यानं, डोक्यावरून, त्याच खडपावर, अर्धा तास वाळूतून. किती खेपा झाल्या मी मोजल्या नाहीत. तीन दिवस लागले. मी आतून बघत होते. हंडा हिंदकळला की ते पाणी तिच्या कपाळावरून ओघळायचं, आणि ती ते मनगटानं पुसायची.

पेटी रिकामी झाल्यावर तळाच्या सांध्यातला कापूस दिसला. निळसर झाला होता, एका कोपऱ्यात. तिनं त्यावरून बोट फिरवलं. "वैनी, ह्ये निलं कशाचं वो?"

मी म्हटलं, "राळेचा रंग असेल."

"हां," ती म्हणाली. राळेला तसा रंग कधी नसतो, हे माझ्यापेक्षा तिला जास्त ठाऊक. होड्यांतच जन्म गेला तिचा.

तिला कळलं होतं का? बारा वर्षं हा प्रश्न माझ्याबरोबर आहे. कधी वाटतं, कळलं होतं. कधी वाटतं, कळलं असतं तर तिनं चारचौघांत मला उभं केलं असतं, ती काही ऐकून घेणारी बाई नव्हती. पण मास्तरांच्या बायकोच्या शब्दापुढे कोळणीचा शब्द कुणी धरला असता? हेही तिला ठाऊक असणारच.

ह्यांनी शाळेत सांगितलं, सुतारानं बंदरावर सांगितलं. महिन्याभरात गाव तिला 'खाडीवाली' म्हणायला लागलं. पाटी उतरवली की बाया विचारायच्या, समुद्राचं की खाडीचं? हसत विचारायच्या, पण मासा उलटून, कल्ले उचलून बघायच्या. जिच्या पाटीत डोळे मिटून हात घालायच्या, तिच्या. मुलं वाटेत ओरडायची. तिच्या लेकाच्या लग्नातसुद्धा कुणीतरी म्हणालं, पाणी कुठलं वाढताय? ती हसली म्हणे. ते नाव आता तिच्या नातवंडांनाही चिकटलं आहे. खाडीवालीची मुलं.

शास्त्राची खोली मिळाली शाळेला. ह्यांनी तिथं पेटी केली नाही. कोळीवाड्यातल्या कुणावर विश्वास टाकायचा नाही, असं आजही म्हणतात. पूर्वी असं बोलणारा माणूस नव्हता हा. सागवानी पेटीत मी नारळाची सोडणं भरते, चुलीसाठी. तळाशी पोचलं की निळी रेघ दिसते. मग मी आणखी सोडणं आणून भरते.

आणि चांगुणा? ती यायची थांबली नाही. त्या प्रकारानंतर आठ दिवसांनी नेहमीसारखी दारात आली. पाटी उतरवायच्या आधी खांब धरला, एक पाय उचलला आणि तळवा माझ्याकडे केला. "बगा वैनी. रेती हाय." मग दुसरा. मी म्हटलं, "दिसलं." तिनं पाटी उतरवली.

त्यानंतर प्रत्येक वेळी. पहिली दोन वर्षं रागानं. मग केव्हातरी त्यात थट्टा आली – "बगून घ्या वैनी, मंग मासा घ्या." मग तेही गेलं, सवय उरली. पाटी उतरवायच्या आधी देवाला हात जोडावा तसं ती पाय दाखवते आणि मी म्हणते, दिसलं. आम्हा दोघींना आता त्याचं काही वाटत नाही, असं बघणाऱ्याला वाटेल. आता तिचे गुडघे गेले आहेत. खांब धरून, दात आवळून, पाय वीतभरच उचलतो. परवा मी म्हटलं, "राहू दे गं चांगुणा." ती म्हणाली, "न्हाय वैनी. बगा."

उद्या बुधवार. ती येईल. हे ओटीवर असतील, पेपरमधून डोकं वर काढणार नाहीत. ती खांब धरेल. मी पुढे होऊन सांगेन का? नाही सांगणार. तुम्हाला खोटं कशाला सांगू. मी बघेन आणि म्हणेन, दिसलं.

वाळूच असते. त्या दिवशीही वाळूच होती.